बारा बोटींचं कर्ज प्रकरण

बँकेत 'प्रकरण' या शब्दाला एकच अर्थ असतो. "ते प्रकरण कुठवर आलं?" म्हणजे कर्जाची फाइल सध्या कुणाच्या टेबलावर आहे. सोलापुरात मी सव्वीस वर्षं यंत्रमागांची प्रकरणं केली. त्यामुळे वाचनालयातल्या आमच्या रविवारच्या बैठकीत "या वेळी संरक्षण मदतीचं एखादं प्रकरण अभ्यासाला घेऊ" असं ठरलं तेव्हा मला दुसरी कुठली पद्धत सुचलीच नाही. फाइल उघडतात तशी उघडली. कर्ज देणार भारत, घेणार व्हिएतनाम, रक्कम १० कोटी डॉलर, कारण समुद्रावरच्या गस्तीसाठी १२ वेगवान बोटी.

बैठकीला स्पर्धा परीक्षेची पाच-सहा मुलं असतात, दोन निवृत्त शिक्षक असतात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले आमचे अण्णा असतात. मुलं 'ॲक्ट ईस्ट'चे, म्हणजे पूर्वेकडच्या देशांशी संबंध वाढवायच्या धोरणाचे, मुद्दे उतरवून घ्यायला वह्या काढून बसली होती. अण्णांनी त्यांना संधीच दिली नाही.

"साहेब, आमची सबसिडी अडकलीय ती अडकलीच. अन् तिकडं व्हिएतनामला सहाशे कोटी रोख?"

सहाशे कोटी बरोबर होतं. २०१४ साली डॉलर ६१ रुपयांच्या आसपास होता. चुकीचा होता तो 'रोख' हा शब्द, आणि ही चूक अण्णाच करतात असं नाही. वर्तमानपत्रात "अमुक देशाला अमुक कोटींची मदत" असा मथळा आला की आपल्या डोळ्यांसमोर नोटांची पेटीच येते.

मी अण्णांना त्यांच्याच फाइलची आठवण दिली. साधे माग मोडीत काढून त्यांनी बिनधोट्याचे वेगवान रॅपिअर माग घेतले ते कर्ज माझ्याच टेबलावरून गेलं होतं. केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना १९९९ पासून सुरू होती. बँकेने लावलेल्या व्याजदरातले ५ टक्के सरकार परत करायचं. त्यांचा पहिला अर्ज मी परत पाठवला होता. कारणाच्या रकान्यात नुसतं 'मशिनरीसाठी' लिहिलं होतं म्हणून. किती माग, कुठल्या कंपनीचे, किती पन्ह्याचे, कोटेशन कुठंय? कोटेशन लागल्यावर फाइल हलली. मग डिमांड ड्राफ्ट निघाला तो यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने. माग आले, मी शेडमध्ये जाऊन प्रत्येकावरचा नंबर बिलाशी ताडून पाहिला आणि बाजूच्या पत्र्यावर पेंटरकडून बँकेच्या नजरगहाणाची, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत हा माग बँकेकडे तारण आहे अशी, ओळ लिहून घेतली. त्या सगळ्या व्यवहारात अण्णांच्या हातात पैसा एक दिवसही आला नव्हता. त्यांच्या वाट्याला आले माग आणि हप्ते.

"हां, ते खरंय," अण्णा म्हणाले. "ड्राफ्ट बघायला तेवढा मिळाला."

भारताची लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे परदेशी सरकारांना द्यायचं सवलतीचं कर्ज, नेमकी अशीच चालते. मधली बँक म्हणजे एक्झिम बँक, आयात-निर्यातीला पैसा पुरवणारी. मुंबईची, संपूर्ण सरकारी मालकीची, १९८२ पासून चालू. २००५ पासून सरकारने या कर्जांना एका योजनेत बसवलं आणि २०१५ च्या अखेरीस नियम नव्याने बांधले. परदेशी सरकार कर्जदार असतं, पण पैसे एक्झिम बँक थेट भारतीय निर्यातदाराला देते. मालाच्या आणि सेवेच्या किमतीतला साधारण ७५ टक्के भाग भारतातून गेला पाहिजे अशी अट असते. बांधकामासारख्या कामात ती थोडी सैल होते. व्याज बाजारभावापेक्षा कमी. सर्वांत गरीब गटातल्या देशांना दीड टक्का, मुदत २५ वर्षं, त्यातली पहिली पाच वर्षं मुद्दल फेडायची नाही. जे देश थोडे बरे, त्यांना थोड्या कडक अटी. बाजारातलं व्याज आणि हे सवलतीचं व्याज यांतला फरक भारत सरकार एक्झिम बँकेला भरून देतं. अण्णांच्या मागांना जशी ५ टक्क्यांची सूट होती, तसंच हे.

एका जागी मात्र दोन्ही फाइली वेगळ्या होतात, आणि बँकवाल्याची नजर आधी तिथेच जाते. तारण काय? युद्धनौकेवर किंवा गस्तीच्या बोटीवर नजरगहाणाची पाटी रंगवता येत नाही. सार्वभौम देशाची बोट हप्ता थकला म्हणून कुणी ओढून आणत नाही. कर्ज घेणाऱ्या सरकारचा शब्द हेच तारण. आणि एक्झिम बँकेला हमी कुणाची? भारत सरकारची. म्हणजे देणारा देश स्वतःच जामीनदारही. आमच्या शाखेत असं प्रकरण आलं असतं तर मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं असतं.

आता अर्जदाराकडे वळू. व्हिएतनामला ३,२६० किलोमीटरचा किनारा आहे आणि त्या किनाऱ्यासमोर दक्षिण चीन समुद्राचा चीनशी जुना वाद. २०१४ च्या मे महिन्यात चीनने पॅरासेल बेटांजवळ तेल शोधायचा एक प्रचंड तरंगता फलाट आणून उभा केला. दोन्हीकडची जहाजं दोन-अडीच महिने एकमेकांना भिडत होती, पाण्याचे फवारे मारत होती. त्यानंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी हनोईत असताना १० कोटी डॉलरच्या कर्जाच्या समजुतीवर, म्हणजे सामंजस्य करारावर, सह्या झाल्या. भारताचाही त्या पाण्यात हितसंबंध आहे. आपली सरकारी तेल कंपनी ओएनजीसी विदेश तिथल्या वायूच्या पट्ट्यात १९८८ पासून आहे.

मुलांपैकी एकीने इथे चांगला प्रश्न विचारला. "सर, व्हिएतनाम आपला मित्रदेश म्हणजे लष्करी दोस्त का?" नाही. व्हिएतनाम कुणाचाच लष्करी दोस्त होत नाही. ते त्यांचं जाहीर धोरण आहे. लष्करी युती नाही, एका देशाच्या बाजूने दुसऱ्याविरुद्ध उभं राहणं नाही, परक्या फौजेला तळ नाही. २०१९ च्या त्यांच्या संरक्षण श्वेतपत्रिकेत बळाच्या वापराबद्दलचा चौथा नकार आला. सर्वसमावेशक सामरिक भागीदार हा दर्जा त्यांनी भारताला २०१६ साली दिला, पण बांधून घेतलं नाही. त्यांचं बहुतेक मोठं शस्त्रबळ रशियन. २००९ साली त्यांनी रशियाकडे 'किलो' नावाच्या वर्गाच्या सहा पाणबुड्या मागवल्या, त्या २०१४ ते २०१७ दरम्यान आल्या, आणि त्या चालवणाऱ्या खलाशांना शिकवलं भारताने, विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहन या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर. आपणही त्याच वर्गाच्या पाणबुड्या वर्षानुवर्षं वापरतोय ना. खरं तर ही शिकवणी कुठल्याही कर्जापेक्षा मोठी मदत होती, पण तिचा मथळा होत नाही.

अर्जदाराने मागितलं काय हेही पाहण्यासारखं आहे. त्या काळात वर्तमानपत्रांत चर्चा ब्रह्मोस क्षेपणास्त्रांची होती. या कर्जातून घेतल्या गेल्या मात्र गस्तीच्या बोटी, त्याही नौदलासाठी नव्हे, सीमा रक्षक दलासाठी. तस्करी पकडायची, कोळ्यांना मदत करायची, घुसलेल्या बोटीच्या मागे लागायचं, असलं रोजचं काम. शेजारच्या बलाढ्य देशाला डिवचल्यासारखं होणार नाही आणि किनाऱ्यावरची रोजची गरजही भागेल. मला हा अर्ज फार शहाणपणाचा वाटतो. कर्ज काढून घोडा घेण्यापेक्षा बैल घेणारा शेतकरी हप्ता भरतो, असा माझा अनुभव.

प्रत्यक्ष कंत्राट झालं सप्टेंबर २०१६ मध्ये, पंतप्रधान मोदी हनोईत असताना. समजुतीपासून कंत्राटापर्यंत दोन वर्षं. कंत्राट मिळालं लार्सन अँड टुब्रोला. बाराही बोटींची रचना त्यांची, त्यातल्या पाच चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली गोदीत बांधायच्या आणि उरलेल्या सात व्हिएतनाममध्ये, हायफाँगच्या हाँग हा गोदीत. २१ डिसेंबर २०२० ला दोन्ही पंतप्रधानांची दूरस्थ बैठक झाली तेव्हा एकाच दिवशी तीन गोष्टी झाल्या. एक तयार बोट ताब्यात दिली, भारतात बांधलेल्या आणखी दोन पाण्यात उतरल्या आणि हायफाँगमधल्या सातांच्या कण्यांची पूजा झाली. पूजा म्हणजे आपल्याकडच्यासारखी नारळ फोडून नसेल, पण जहाजाचा कणा ठेवायचा समारंभ सगळीकडे गंभीरपणेच करतात. ९ जून २०२२ रोजी संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांनी हाँग हा गोदीतच समारंभाने बाराही बोटी सुपूर्द केल्या.

सप्टेंबर २०१४ ते जून २०२२. पावणेआठ वर्षं. मधली दोन कोविडची, ती सोडून देऊ. तरीही अण्णा हसले. "आमचे माग चौदा महिन्यांत आले होते, तरी तुम्हाला शिव्या दिल्या होत्या मी." दिल्या होत्या. डॉलर दरम्यान ६१ वरून ७८ च्या घरात गेला होता. सहाशे कोटींचं तेच कर्ज रुपयांत मोजलं तर पावणेआठशे कोटींच्या आसपास पोचलं.

माझ्या मते या अख्ख्या फाइलमध्ये खरं वजन त्या सात बोटींना आहे. हे समजवायला मला पुन्हा शेडमध्ये जावं लागलं. अण्णांचे पहिले रॅपिअर माग आले तेव्हा कंपनीचा मेकॅनिक इचलकरंजीहून यायचा. एक गिअर गेला की चार दिवस माग उभा. सुताचा बीम भरलेला, कामगार बसून, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. मग अण्णांनी त्यांच्या शेडमधला एक पोरगा कंपनीत दीड महिना ठेवला. तो परत आल्यावर मागांचं आयुष्य बदललं. आता तो पोरगा शेजारच्या तीन कारखान्यांचे मागही बघतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो.

कट्टुपल्लीहून बाराच्या बारा बोटी तयार पाठवल्या असत्या तर भारताचा हिस्सा कागदावर मोठा दिसला असता. पण तशा बोटीचा एखादा पंप बिघडला, सांध्याला चीर पडली, की हनोईहून चेन्नईला पत्र आणि मग वाट बघणं. हायफाँगच्या गोदीतल्या वेल्डरने ज्या बोटीचा कणा जोडला ती बोट तो उघडूही शकतो. शिवाय पुढच्या वेळी त्या गोदीला त्याच धर्तीच्या बोटीची ऑर्डर त्यांच्याच सरकारकडून मिळू शकते. कर्ज देणाऱ्या देशाच्या उद्योगाला यात थोडं नुकसान आहे, हे खरं. पुढची ऑर्डर कदाचित आपल्याला मिळणार नाही. तेवढा सौदा मला मान्य आहे. निवृत्त शिक्षकांपैकी एकांना तो मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, कर आपण भरायचा आणि कारागीर त्यांचे तयार करायचे, हे कुठलं गणित? अर्धा तास गेला या वादात आणि चहा गार झाला.

आता याच फाइलला जोडलेलं दुसरं प्रकरण. सप्टेंबर २०१६ च्या त्याच दौऱ्यात बोटींच्या कंत्राटाबरोबर आणखी ५० कोटी डॉलरच्या संरक्षण कर्जाची घोषणा झाली होती. पाचपट रक्कम. जून २०२२ मध्ये बोटी सुपूर्द होताना दोन्ही बाजू काय म्हणत होत्या? या ५० कोटींचं लवकर पक्कं करू. सहा वर्षांनी. बँकेत आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो, मंजुरी वेगळी आणि वाटप वेगळं. मंजुरीचं पत्र फ्रेम करून लावता येतं, त्याने माग फिरत नाही. १० कोटींच्या मागे १२ बोटींचं कोटेशन होतं. ५० कोटींच्या मागे आकडा होता.

हे एकट्या व्हिएतनामचं नाही. बांगलादेशलाही २०१७ मध्ये ५० कोटी डॉलरचं संरक्षण कर्ज देऊ केलं. पहिलं कंत्राट व्हायला २०२२ उजाडलं आणि तेही किरकोळ रकमेचं. २०२४ च्या जुलैत कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीला तिकडून सुमारे २.१ कोटी डॉलरची टगबोटीची, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीची, ऑर्डर मिळाली. पुढच्याच महिन्यात ढाक्यात सत्ता पालटली आणि मे २०२५ मध्ये ती ऑर्डर रद्द झाली. कर्जदार तोच, सही करणारा बदलला. त्याउलट मॉरिशसची बॅराकुडा गस्तीनौका, तीही गार्डन रीचचीच, भारताच्या आर्थिक साहाय्यातून बांधली गेली आणि मार्च २०१५ मध्ये पोर्ट लुईला कामाला लागली. तिथेही काय हवं ते आधी ठरलेलं होतं: एक जहाज.

अमेरिकेचा रस्ता वेगळा आहे, एवढं सांगून पुढे जातो. त्यांची मोठी लष्करी मदत कर्ज नसून अनुदान असते. इस्रायलशी २०१६ मध्ये झालेल्या दहा वर्षांच्या समजुतीत ३,८०० कोटी डॉलर ठरले, त्यातले ३,३०० कोटी शस्त्रखरेदीच्या अनुदानाचे. पण त्याचा ड्राफ्टही बहुतेक अमेरिकन कारखान्यांच्याच नावाने निघतो. इस्रायलला स्वतःच्या देशात खर्चायला जो भाग मिळायचा तो टप्प्याटप्प्याने बंद करायचं त्या समजुतीतच ठरलं. आपल्याला तेवढं अनुदान परवडणारं नाही, म्हणून आपण स्वस्त कर्ज देतो. अट मात्र एकच, माल आमच्याकडून.

अनुदानाचा आपलाही एक नमुना आहे, आणि तो मला थोडा अस्वस्थ करतो. आयएनएस कृपाण. १२ जानेवारी १९९१ ला नौदलात दाखल झालेली क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, ९० मीटर लांब. ३२ वर्षांच्या सेवेनंतर २२ जुलै २०२३ रोजी व्हिएतनामच्या कॅम रान बंदरात ती त्या नौदलाला भेट दिली. चालू स्थितीत, शस्त्रांसह. अशी पूर्ण कार्यक्षम कॉर्व्हेट भारताने दुसऱ्या देशाला देण्याची ही पहिलीच वेळ. कौतुक आहेच. पण जुना माग फुकट मिळाला तरी तो चालवायचा खर्च फुकट नसतो, हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही कारखानदाराला विचारा. मिलकडून मोडीत निघालेले माग आणून ज्यांनी बसवले त्यांच्या सुट्या भागांच्या शोधात किती दुपारी गेल्या ते मी पाहिलंय. ३२ वर्षांच्या जहाजाची भेट घेताना पुढच्या दहा वर्षांच्या दुरुस्तीचं कोण बघणार हे भेटपत्रात असायला हवं.

निघताना मुलांपैकी एकाने भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या स्मारकाचा विषय काढला. सोलापूरचा माणूस परदेशाला मदत म्हटल्यावर तिथे पोचतोच. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांवर उपचार करायला. त्यात आपले द्वारकानाथ कोटणीस. बाकीचे चौघे कुठल्या ना कुठल्या कारणाने परतले, कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. त्या मदतीला कोटेशन नव्हतं, हमी नव्हती, सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांची अट नव्हती. आणि ज्या देशासाठी सोलापूरचा डॉक्टर गेला त्याच देशाच्या धाकाने पुढे हायफाँगला बोटी बांधल्या गेल्या. मुलगा म्हणाला, "सर, हे निबंधात घालू का?" मी म्हटलं घाल, पण शेवटी घालू नकोस, परीक्षकाला वाटेल तू भाषण ठोकतोयस.

अण्णा गाडीला किक मारता मारता थांबले. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएतनामचे पंतप्रधान फाम मिन्ह चिन्ह दिल्लीत आले तेव्हा आणखी ३० कोटी डॉलरचं कर्ज ठरलं, हे मी बैठकीत सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं.

"त्या तीस कोटीच्या फाइलला कारण काय लिवलंय, साहेब?"

"घोषणेत म्हटलंय, सागरी सुरक्षा बळकट करण्यासाठी."

"म्हणजे 'मशिनरीसाठी'," अण्णा म्हणाले. "किती माग, कुठल्या कंपनीचे?"